विश्वासू गडी

लॅबमधल्या समीक्षानं मोबाइल पुढं धरला आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव चुकलंय की यात." त्या वेळी मंगलच्या हातात सुई होती, सुई शिरेच्या अगदी तोंडाशी आलेली होती, आणि सत्तावीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. शीर हुकली. समोरच्या खुर्चीत कडेगावचा एक म्हातारा दंडाला रबरी पट्टा बांधून बसला होता. पलटणीतून निवृत्त झालेला, मिशा राखलेला, उपाशीपोटी साखर तपासायला पहाटेच्या गाडीनं सांगलीत उतरलेला. त्यानं हाताकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं पाहिलं. "बाई, लय येळा टोचून घेतलंय मी तुमच्याकडनं. आज काय झालं?" काही नाही, असं म्हणून तिनं कापूस दाबला, दुसऱ्या हाताची शीर शोधली, तिच्यावर बोट फिरवलं. या वेळी रक्त नीट आलं, काळसर, सावकाश. नळीवर चिठ्ठी लावताना तिनं त्याचं पूर्ण नाव लिहिलं, स्वतःचं, बापाचं, आडनाव. रोज शंभरभर माणसांची नावं ती अशी तीन तीन तुकड्यांत लिहायची. मधला तुकडा बापाचा, तो कधी कुणाचा चुकला तर अहवाल भलत्याच्या हातात जायचा, म्हणून तो ती दोनदा वाचायची.

मोबाइलवर चर्चचं पत्रक होतं. संत योसेफाचा सण, गुरुवार, एकोणीस मार्च, सकाळी आठ वाजता पवित्र मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना. मिस्साच्या शेवटी विचार, 'संत योसेफाच्या जीवनातून ख्रिस्ती माणसाने विश्वासाविषयी काय शिकावे'. वक्त्या, कु. मंगल दानिएल गायकवाड. सत्तेचाळिसाव्या वर्षीही नावामागं 'कुमारी' छापल्याचं तिला हसू आलं असतं. पण त्यापुढच्या दोन शब्दांशी तिची नजर अडखळून राहिली होती. दानिएल गायकवाड. या माणसाचा एक फोटो तिच्याकडं होता, रेल्वेच्या खाकी कपड्यातला, डोळे उन्हानं बारीक झालेले. तो लोणंदला रुळांच्या टोळीत कामाला होता. ती दोन वर्षांची असताना रूळ तपासत चालताना त्याला साप चावला आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. त्याच्याविषयी तिला राग नव्हता, प्रेमही नव्हतं. फोटोतल्या माणसावर प्रेम करायला निदान त्याचा आवाज तरी ठाऊक असावा लागतो. शाळेच्या दाखल्यावर, पदविकेवर, आधारवर, फ्लॅटच्या दारावरच्या पितळी पाटीवर ती मंगल बाळासो कोकरे होती. आणि हे नाव कुणी तिला दिलं होतं असंही तिला कधी वाटलं नव्हतं, ते अंगावरच्या कातड्यासारखं होतं. पत्रकावर ते नव्हतं. कुणीतरी ते सोलून काढलं होतं, आणि सोललेली जागा आता सकाळभर, नळ्या यंत्रात गरगर फिरताना, तिला जाणवत राहिली.

बाराच्या सुमारास तिनं जयराज सरांना फोन लावला. ते निवृत्त मुख्याध्यापक, धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या समितीचे चिटणीस. हळू बोलणारे, शुद्ध बोलणारे, प्रत्येकाच्या आजारपणाला न बोलावता जाणारे. त्यांच्यावर रागावणं सोपं नव्हतं. "मंगल, अगं, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये तसं आहे. साताऱ्याहून तुझा दाखला आलाय त्यावरही दानिएलच आहे. आम्ही कागदाप्रमाणं छापलं." ती म्हणाली, "सर, मला तुम्ही वीस वर्षं कोकरे म्हणून ओळखता." मग ते म्हणाले, "हे बघ, मनाला लावून घेऊ नको. संताच्या सणाला, वेदीपाशी उभं राहून विश्वासावर बोलायचं. कोकरे छापलं की लोक विचारणार, हे कोण, कुठले. तुझे ते... बाळासो, माणूस देवमाणूस आहे, मी नाही म्हणतच नाही. पण ते विश्वासणारे नाहीत ना." त्यांनी ते अगदी मायेनं सांगितलं, एखाद्याला त्याचा आजार सांगावा तसं. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. बरं म्हटल्याचा तिला लगेच पश्चात्ताप झाला, पण तो शब्द तोंडातून निघताना तिच्या लक्षात आलं होतं, हा शब्द आपला नाही. हा आबांचा शब्द. आबा आयुष्यभर एवढंच म्हणत आले, बरं.

आबा म्हणजे बाळासो. माण तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यातला मेंढपाळ. दिवाळी झाली की दोनशे मेंढरं, दोन घोडी आणि भावांची बिऱ्हाडं घेऊन घाटाखाली निघणारा, पावसाच्या तोंडावर माघारी येणारा. जन्मल्यापासून तो असाच चालला होता. त्या वर्षी लोणंदच्या बाजारात मेंढरं घेऊन आला तेव्हा त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून पायाला पू झाला होता, आणि सरकारी दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या सुलाबाईनं तो चिमटा घालून काढला होता. मंगलची आई. हे सगळं मंगलला आईकडून कळलं, तेही चार वाक्यांत, कारण आईला फार वेळ मिळाला नाही. काटा निघाला, पण माणूस काही निघाला नाही, असं आई हसून म्हणायची. बाळासो दर आठवड्याला पाय दाखवायला यायचा, पाय बरा होऊन दोन महिने झाले तरी यायचा. दवाखान्याच्या पायरीवर ही तीन वर्षांची पोर बसलेली असायची, तिच्यासमोर तो उकिडवा बसायचा आणि काहीच बोलायचा नाही. मग एक दिवस त्यानं सुलाबाईला विचारलं आणि तिनं अट घातली, पोरगी माझ्या धर्मातच वाढंल. तो म्हणाला, बरं. त्याच्या बहिणीनं, हरणाबाईनं, भर बाजारात त्याला तोडून टाकलं होतं. "येशूवाल्याची रांड आन तिची पोर. तुझं रगत तरी हाय का रं त्यात?" भावांनी मेंढरं वाटून घेतली. त्याच्या वाट्याला जी आली ती त्यानं विकली आणि कांद्याच्या बाजारात पोती वाहायला लागला. उघड्यावर झोपणारा माणूस, पत्र्याच्या एका खोलीत राहायला आला. पहिले कित्येक महिने तो रात्री दाराशी, निम्मा आत निम्मा बाहेर झोपायचा, असं आई सांगायची.

मंगल नऊ वर्षांची असताना काविळीनं आई गेली. दवाखान्याच्या खाटेवर ती पिवळीधमक पडली होती, आणि तिनं बाळासोला जवळ बोलावून म्हटलं होतं, "रविवार चुकवायचा न्हाई." तो म्हणाला, बरं. एवढंच झालं. देवाच्या नावानं काही वचन नाही, हातात हात नाही, डोळ्याला पाणी नाही. त्या वेळी त्यांचं जवळचं चर्च साताऱ्याला होतं. लोणंदहून पहाटेची पॅसेंजर, मग साताऱ्याच्या स्टेशनापासून गावात जायला मिळेल ते वाहन, न मिळाल्यास चालत. दर रविवारी. कांद्याचा हंगाम असला, रविवारी गाड्या भरायचं काम दुप्पट असलं, तरी दर रविवारी. गाडीत तो तिला खिडकी द्यायचा आणि स्वतः दाराशी उभा राहायचा, कारण बाकावर बसलं की त्याला डुलकी लागायची आणि स्टेशन हुकेल अशी धास्ती असायची. चर्चमध्ये तो तिच्याशेजारी बसायचा. लोक उठले की उठायचा, बसले की बसायचा, गुडघे टेकले की टेकायचा, फक्त ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत जायचा नाही. एकदा तिथल्या म्हाताऱ्या फादरांनी त्याला विचारलं, "बाळासो, इतकी वर्षं येतोस, तू का नाही बाप्तिस्मा घेत?" त्यानं पटका सारखा केला आणि म्हणाला, "आवं फादर, माझा बिरोबा हाय की. आता त्येला कुठं टाकू? त्येनं काय माझं वाईट क्येलं न्हाई." फादर हसले होते. मंगलला मात्र त्या दिवशी लाज वाटली होती. दहा वर्षांच्या पोरीला वाटावी तेवढीच, पण नेमकी आठवत राहावी अशी.

आणि लाजेचा विषय निघाला की मन आपोआप त्या दुसऱ्या रविवाराकडं वळायचं. गेली पस्तीस वर्षं ती त्या रविवाराला वळसा घालून जात आली होती. लॅबचं शटर ओढून, स्कूटर विश्रामबागेकडं काढून, सिग्नलला थांबली तेव्हा आज वळसा घालता आला नाही. पाचवीत तिला साताऱ्याच्या सिस्टरांच्या वसतिगृहात घातलं होतं. बारा वर्षांची होती, सातवीत. पुण्याहून सोनिया नावाची एक मुलगी नवीन आली होती. तिचे वडील मोटार घेऊन यायचे, आणि ती जिच्याशी बोलायची ती मुलगी त्या दिवसापुरती मोठी व्हायची. त्या रविवारी ती मंगलशी बोलत होती. दोघी फाटकाशी उभ्या होत्या, आणि रस्त्याच्या वळणावरून आबा आले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका, धोतराला कांद्याच्या पोत्याची माती, हातात पितळी डबा. सोनियानं विचारलं, "ते कोण गं? तुझ्याकडं बघतायत." मंगलनं वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "ते? आमचे गडी आहेत. डबा आणतात." आवाज काही हळू नव्हता. तो हळू ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं. आबा तेव्हा दहा पावलांवर होते. थांबले. मग पुढं आले. डबा तिच्या हातात न देता फाटकाच्या दगडावर ठेवला आणि बाजूला झाले. तेवढ्यात नव्या वॉर्डन सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण. मंगलनं एकदा आबांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, "म्या गडी हाय जी त्यांचा. मालकांनी पोरीला डबा धाडलाय."

तिला तो क्षण आजही कानांनी आठवायचा, डोळ्यांनी नाही, कारण ती तेव्हा जमिनीकडं पाहत होती. त्या दिवशी ते मागच्या बाकावर जाऊन बसले. पुढच्या रविवारीही. वर्षभर. डबा दगडावर, हात जोडलेले, "मालकांनी धाडलंय". सणाला नवा फ्रॉक आणला तोही मालकांनी धाडला. वार्षिक परीक्षेला मंगल पहिली आली तेव्हा निकाल ऐकायला ते फाटकाबाहेर उभे होते, आणि सिस्टरांनी कौतुकानं सांगितल्यावर म्हणाले, "मालकास्नी सांगतो जी. लय खूश व्हतील." वॉर्डन सिस्टर नंतर तिला म्हणाल्या, "तुमचा गडी फार विश्वासू आहे हं, मंगल. थंडी नाही, पाऊस नाही, एक रविवार चुकवत नाही." तिनं मान डोलावली. जूनमध्ये सोनियाचं नाव काढून तिला पुण्याला नेलं. त्याच्या पुढच्या रविवारी मिस्सा सुरू झाल्यावर बाक जरासा दबला, पाहते तर आबा शेजारी येऊन बसलेले. जणू मधलं वर्ष झालंच नव्हतं. त्यांनी ते कसं ओळखलं, कुणाला विचारलं, तिला कधी कळलं नाही. तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पापनिवेदनाच्या पेटीपाशी ती वर्षानुवर्षं गुडघे टेकत आली. राग, आळस, खोटं बोलणं, सगळं सांगितलं. हे सांगितलं नाही. हे पाप होतं की आणखी काही, हेच तिला ठरवता येत नव्हतं. आणि सांगितलं असतं तर त्याची क्षमा जी व्यक्ती देऊ शकेल ती पेटीच्या जाळीआड बसलेली नव्हती, ती घरी गॅलरीत कावळ्यांना भाकरी टाकत बसलेली होती.

घरी आली तेव्हा आबा खरोखर तिथंच होते. एक्क्याऐंशीचे झाले होते, गुडघे गेले होते, तीन वर्षांपासून चर्चची पायरी चढवत नव्हती म्हणून जाणं बंद झालं होतं. तिनं चहा ठेवला. जेवणाच्या टेबलावर तिचं भाषण पडलं होतं, चार पानं, तीन आठवडे खपून लिहिलेलं. योसेफाचा जन्म, वंश, सुतारकाम, नम्रता, आज्ञाधारकपणा, शेवटी तीन बोध. फादरांनी वाचून उत्तम म्हटलं होतं. ती उभ्याउभ्या वाचू लागली आणि दुसऱ्या पानावर थांबली. तिथं तिनंच लिहिलं होतं, की मरिया गरोदर आहे हे कळल्यावर योसेफानं तिची चारचौघांत नाचक्की होऊ द्यायची नाही असं ठरवलं. पुढचं वाक्य त्याच्या सद्गुणांविषयी होतं. ती त्या वाक्यापर्यंत गेलीच नाही. नाचक्की होऊ द्यायची नाही. हे आपण लिहिलं, आपल्या अक्षरात, आणि लिहिताना कागदाच्या पलीकडं गॅलरीत कोण बसलंय ते आपल्याला दिसलं नाही. चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, पानं पुन्हा उघडली, आणि आता प्रत्येक ओळीतून तोच माणूस वर येऊ लागला. शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. देवदूत बोलतो, राजे बोलतात, मेंढपाळसुद्धा बोलतात, योसेफ बोलत नाही. तो झोपेतून उठतो आणि सांगितलं ते करतो. उठला आणि बायकोला घरी आणलं, उठला आणि लेकराला घेऊन परदेशी गेला, उठला आणि माघारी आला. तिला पहाटेच्या पॅसेंजरसाठी उठवणारा खडबडीत हात आठवला. तो हात डोक्यावरून एकदाच फिरायचा. दुसऱ्यांदा फिरवायची वेळ यायची नाही, ती जागी व्हायची.

आणि मग भीती. हे बोलायचं म्हणजे तो रविवार बोलायचा. त्याशिवाय बोललं तर ते कौतुक होईल, आणि कौतुक तर जयराज सरही करतात, देवमाणूस म्हणतात. तो रविवार बोलायचा म्हणजे दोनशे माणसांपुढं आपलंच तोंड उघडं करायचं. ज्या बाईला पोरं 'मंगल मावशी' म्हणतात, जिच्या हातचं इंजेक्शन दुखत नाही म्हणतात, ती बाई बाराव्या वर्षी काय होती ते. तिनं गॅलरीत चहा नेला. "आबा, उद्या चर्चला यायचं? मी बोलणार आहे." त्यांनी बशीत चहा ओतला. "उद्या पाडवा हाय की. गुढी?" यंदा योसेफाचा सण आणि पाडवा एकाच दिवशी आला होता. "गुढी सकाळी उभारू. मग जाऊ." "पायऱ्या किती हायत आता?" "अकरा. मी धरते." त्यांनी बशी संपवली. "बरं."

सकाळी त्यांनी स्वतः काठीला खण बांधला, कडुलिंबाची डहाळी बांधली, साखरेची माळ अडकवली, तांब्या उपडा घातला. मंगल काठी धरून उभी होती. दर वर्षी धरायची. लिंबाचा पाला आणि गूळ दोघांनी खाल्ला. मग त्यांनी धुतलेला पटका बांधला, खांद्यावर घोंगडी टाकली, तिनं पांढरी साडी नेसली, आणि स्कूटरवर मागं बसून ते चर्चला आले. अकरा पायऱ्या चढायला बराच वेळ लागला. लोक बाजूनं वर जात होते, नमस्कार करत होते. उपवासकाळातलं जांभळं कापड एका दिवसापुरतं काढून वेदीवर पांढरं घातलं होतं, योसेफाच्या पुतळ्यापाशी निशिगंधाची फुलं होती. जयराज सर दाराशी पत्रकं वाटत होते. त्यांनी आबांकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर किंचित काळजी उमटली. तिनं आबांना पहिल्या बाकावर बसवलं. ते म्हणाले, "हितं? म्होरं?" ती म्हणाली, "कान कमी झालेत तुमचे. इथंच बसा."

मिस्सा कशी झाली ते तिला नंतर आठवेना. फादरांनी हात केला, ती उठली. चार पानं हातात होती, ती तिनं ध्वनिक्षेपकापाशी उपडी ठेवली. समोर सगळे ओळखीचे चेहरे, अर्ध्या जणांचं रक्त तिनं काढलेलं. त्या विचारानं तिला जरा धीर आला. "पत्रकावर माझं नाव मंगल दानिएल गायकवाड आहे," ती म्हणाली. "ते खोटं नाही. दानिएल माझे जन्मदाते. मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते. पण तुम्ही मला मंगल बाळासो कोकरे म्हणून ओळखता, आणि आज मी जे सांगणार आहे ते त्या नावानंच सांगता येईल." आणि मग तिनं सांगितलं. काटा, अट, मेंढरं विकणं, पॅसेंजर. सगळं थोडक्यात, कारण तिला ठाऊक होतं खरं पुढं आहे. गोष्ट फाटकाशी आली तेव्हा तिनं मान वर केली. एक बाई खोकली. पुढच्या बाकावर आबा कानामागं हात धरून बसले होते, तिच्याकडं पाहत होते, आणि त्या नजरेत 'नको' असं काही नव्हतं. ती बोलली. तिनं तो शब्द, गडी, तेव्हा जसा उच्चारला होता तसाच उच्चारला, मऊ केला नाही. आणि त्यांनी दिलेलं उत्तर सांगितलं, आणि वर्षभराचे रविवार सांगितले.

"मला विश्वासाविषयी बोलायला सांगितलंय," ती म्हणाली. "मी पुस्तकं वाचून चार पानं लिहिली. आपण ख्रिस्ती माणसं विश्वास म्हणजे काय मानतो, हे आपण दर रविवारी मोठ्यानं म्हणतो. म्हणायलाच हवं. योसेफ मात्र काहीच म्हणत नाही. त्याला न विचारता त्याच्या दारात दुसऱ्याचं लेकरू आलं, आणि त्यानं ते स्वतःचं नाव देऊन वाढवलं. त्या लेकरामुळं त्याला गाव सोडावं लागलं. आणि सगळ्यात आधी, स्वतः दुखावलेला असताना त्यानं समोरच्याची अब्रू झाकली. मला हे वाचून कळलं नाही. सिस्टर मला म्हणाल्या होत्या, तुमचा गडी फार विश्वासू आहे. मी पस्तीस वर्षं तो शब्द लाजेनं लपवला. जयराज सर म्हणाले, बाळासो विश्वासणारे नाहीत. सर खरं बोलले. माझे वडील त्यांच्या बिरोबाचे आहेत. पण मी ख्रिस्ती राहिले ती एका विश्वासू माणसामुळं. आपल्या सणाला मी त्यांचं नाव घेतलं, तर योसेफाला राग येईल असं मला वाटत नाही. ते इथं बसलेत. लाल पटका." एवढं बोलून तिला काय वाटलं? हलकं नाही वाटलं. उंच वाटलं. कुणीतरी आतून पाठीचा कणा सरळ केल्यासारखं, आणि डोळ्यांत पाणी असूनही मान खाली जाईना.

टाळ्या चर्चमध्ये वाजवत नाहीत, वाजल्या नाहीत. फादर उठले आणि आशीर्वाद देण्याआधी पहिल्या बाकाकडं वळून त्यांनी मान लववली. बाहेर अंगणात लोकांनी आबांना घेरलं. त्यांना ते आवडेना. म्हाताऱ्या बायका पाया पडू लागल्यावर ते मागं सरत भिंतीला टेकले. जयराज सर गर्दी ओसरायची वाट पाहत थांबले होते. आले ते सरळ आबांपुढं. "कोकरे साहेब," ते म्हणाले, आणि पुढं त्यांना शुद्ध वाक्य सापडेना. "चुकलं माझं. पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापतो." आबांनी इकडंतिकडं पाहिलं. "सायेब कुणाला म्हंतायसा, मास्तर? छापा कायबी. मला कुठं वाचाय येतंय." सर हसले, मग चष्मा काढून पुसत राहिले. आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जसा एखाद्या थकलेल्या हमालाच्या खांद्यावर ठेवावा तसा, आणि लगेच काढून घेतला.

पायऱ्या उतरून स्कूटरपाशी आल्यावर तिनं विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं. "आबा, तुम्हाला राग नव्हता आला? त्या दिवशी?" त्यांनी गुडघा दाबला. "राग कशाचा? तुझ्या डोळ्यात भ्या व्हतं. मेंढरू भ्यालं तर आपुन दोन पावलं मागं सरायचं आस्तं. म्होरं ग्येलं की ते पळतंय, दरीत पडतंय." मग, जणू तो विषय तिथंच संपला, त्यांनी दुसरंच विचारलं. "त्या तुमच्या योसेफाचं म्होरं काय झालं गं?" ती गडबडली. कुणी हे कधी विचारलं नव्हतं. "लिहिलेलं नाही, आबा. मुलगा बारा वर्षांचा होतो तिथपर्यंत योसेफ आहे. त्यानंतर त्याचा उल्लेखच नाही. लोक म्हणतात, मुलाचं काम सुरू व्हायच्या आधीच तो गेला असणार." आबांनी मान हलवली, समाधानानं, हिशेब जुळल्यासारखी नाही, वाट ओळखीची निघाल्यासारखी. "बराबर हाय. पोरगं मोठं झालं, आता म्हाताऱ्याचं काय लिवायचं?"

ते मागं बसले, घोंगडी मांडीवर घेतली, एक हात तिच्या खांद्यावर ठेवला. घर डावीकडं होतं, दहा मिनिटांवर. मंगलनं स्कूटर उजवीकडं वळवली. "इकडं कुठं?" त्यांनी विचारलं. "गावातनं जाऊ," ती म्हणाली. पेठेत दारोदारी गुढ्या उभ्या होत्या, दुकानांपुढं रांगोळ्या, रस्ता नव्या कपड्यांच्या माणसांनी भरलेला. तिनं वेग अगदी कमी केला. ओळखीचं कुणी दिसलं की हॉर्न वाजवला, आणि तो वळून आबांकडं बघेपर्यंत पुढं गेली नाही.